लॅपटॉपमध्ये ब्रँड नेमका कुठे असतो?

गेमिंग लॅपटॉपच्या तळाचे दहा-बारा स्क्रू काढून झाकण उचलले, की वरच्या बाजूला ठसठशीत कोरलेले नाव आत फारसे कुठे सापडत नाही. प्रोसेसर इंटेलचा नाहीतर एएमडीचा. ग्राफिक्स चिप बहुधा एनव्हिडियाची. रॅमवर सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन. पडद्याचे पॅनेल बीओई, एयूओ, इनोलक्स अशा कोणाचे तरी. वायफायचे कार्ड इंटेलचे किंवा मीडियाटेकचे. सगळ्यावर चालणारी विंडोज मायक्रोसॉफ्टची. आणि हे सारे जुळवून यंत्र उभे करणारा कारखानाही बरेचदा क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा एखाद्या तैवानी कंपनीचा. जगातले बहुसंख्य लॅपटॉप अशाच कंत्राटी कारखान्यांतून बाहेर पडतात, पण दुकानात जाऊन ‘कॉम्पालचा दाखवा’ असे कोणी म्हणत नाही.

तरीही कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस आले, की पुण्यापासून नागपूरपर्यंत घराघरांत वाद रंगतो तो नावांचाच. गेमही चालले पाहिजेत आणि रोजचे कामही व्हायला हवे; मग एचपी की लेनोवो? आसुस की डेल? एसर घेतला तर लोक काय म्हणतील? सत्तर-ऐंशी हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंतचा हा व्यवहार, कित्येक घरांत वर्षभराच्या शिलकीतून किंवा हप्त्यांवर होणारा. प्रश्न मोलाचा आहे. फक्त तो ज्या शब्दांत विचारला जातो, त्यात एक जुने तात्त्विक कोडे दडलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते एका रथाच्या निमित्ताने मांडले गेले होते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर. त्याची राजधानी सागल, आजचे सियालकोट असे मानतात. महाराष्ट्राला मिलिंद आणि नागसेन ही दोन्ही नावे परकी नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून.

संवादाच्या आरंभी नागसेन राजाला म्हणतो, की मला लोक नागसेन म्हणतात, पण हे नुसते नाव आहे; या नावामागे वेगळा असा कोणी पुरुष सापडत नाही. राजा चकित होतो. मग केस म्हणजे नागसेन का, नखे का, दात का, अशी तो उलटतपासणी घेतो आणि शेवटी म्हणतो, की मग नागसेन नाहीच! त्यावर नागसेन विचारतो, महाराज, आपण आलात कसे? रथातून. मग सांगा, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, जू, लगाम? या सगळ्यांची रास म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. अखेर त्यालाच सांगावे लागते, की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हा व्यवहार होतो, हे नाव पडते.

उघडलेल्या लॅपटॉपसमोर बसून हीच तपासणी शब्दशः करता येते. प्रोसेसर म्हणजे लेनोवो का? नाही, तोच प्रोसेसर एसरमध्येही आहे. ग्राफिक्स चिप? पडदा? कारखाना? प्रत्येक वेळी उत्तर तेच. एक-एक भाग बाजूला ठेवत गेले, तर शेवटी हातात उरते ती झाकणावरची धातूची अक्षरे.

मग ब्रँड ही निव्वळ भूल आहे, असा निष्कर्ष काढून मोकळे व्हावे काय? तशी घाई करणारे अनेक आहेत. ‘आतला माल सगळ्यांचा सारखाच, स्वस्त मिळेल तो घ्या,’ हा सल्ला त्यातूनच येतो. तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे न्यायदर्शनाने फार बारकाईने सांगितले आहे.

नैयायिकांचे म्हणणे असे, की अवयवांहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे त्यांतून बनलेली पूर्ण वस्तू, खरोखर असतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यासाठी एक साधा दाखला येतो: वस्तूचा एक भाग धरून ओढला, तर सगळी वस्तू ओढली जाते. नुसत्या ढिगाचे असे होत नाही. तेव्हा पूर्णाला काही गुण असे असतात, जे सुट्या भागांत शोधून मिळत नाहीत.

लॅपटॉपच्या बाबतीत हे मोजून दाखवता येते. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपसाठीची चिप घ्या. कंपनीच्या स्वतःच्या तपशिलांनुसार ती ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेत चालवता येते. मर्यादा कुठे ठेवायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. जाडी कमी ठेवायची असेल, पंखे लहान असतील, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या कमी असतील, तर चिपला कमी वीज द्यावी लागते. चिप तीच, खोक्यावरचे स्टिकर तेच, आणि खेळताना मिळणाऱ्या फ्रेममध्ये मात्र स्पष्ट तफावत. हा फरक चिपमध्ये नाही, पंख्यात नाही, नळ्यांतही नाही. तो मांडणीत आहे. एकाच वाण्याकडचे तांदूळ आणि डाळ नेऊन दोन घरांत शिजवलेली खिचडी वेगळी लागते, तसे हे आहे.

मात्र नैयायिकाचा मुद्दा नीट धरून ठेवला, तर तो ब्रँडच्या भक्ताला फारशी मदत करत नाही. कारण इथे जो ‘अवयवी’ सिद्ध झाला तो एक विशिष्ट मॉडेल आहे. अख्खा ब्रँड नव्हे. एचपीमध्ये व्हिक्टस आहे आणि ओमेन आहे. लेनोवोत एलओक्यू आणि लीजन. आसुसमध्ये टफ आणि आरओजी. एसरमध्ये नायट्रो आणि प्रिडेटर. या जोड्यांतल्या दोघांचे तापमान, पडदे, बांधणी यांत इतके अंतर असते, की एका कंपनीचे वरचे मॉडेल त्याच कंपनीच्या खालच्या मॉडेलपेक्षा प्रतिस्पर्धी कंपनीच्या वरच्या मॉडेलला अधिक जवळचे वाटते. ‘लेनोवो चांगला की आसुस’ हा प्रश्न त्यामुळे उत्तर देण्याजोगाच राहत नाही. कुठला लेनोवो? कुठल्या वर्षीचा? किती वॉटचा? रॅमची एकच पट्टी बसवलेला की दोन?

नावांनी होणारी दिशाभूल केवळ लॅपटॉप कंपन्यांपुरती नाही. आरटीएक्स ४०९० हे एकच नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपच्या चिपलाही. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कूडा कोर आणि २४ जीबी स्मृती. लॅपटॉपच्या चिपमध्ये ९,७२८ कोर आणि १६ जीबी. दोन्हींच्या पोटातले सिलिकॉनही वेगळे. कमी बजेटवाल्यांना रोज भेटणारे उदाहरण आरटीएक्स ३०५० चे. लॅपटॉपमध्ये ती ४ जीबी स्मृतीची येते तेव्हा २,०४८ कोर असतात, ६ जीबीची येते तेव्हा २,५६०. मुलगा घरी येऊन सांगतो, ‘थर्टी फिफ्टीवाला मिळतोय,’ आणि वडिलांना वाटते, वस्तू ठरली. ठरलेले असते फक्त नाव.

नागसेनाने पुढे बोलण्यासाठी घातलेली एक अट इथे आठवते. पंडित वाद घालतात तसा घालणार असाल तर बोलू, राजे घालतात तसा असेल तर नको, असे तो मिलिंदाला स्पष्ट सांगतो. पंडितांच्या वादात गाठ घातली जाते, सोडवली जाते, चूक दाखवली तर मान्य होते, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र जो असहमत होईल त्याला दंड. लॅपटॉपच्या ब्रँडवरून मित्रांमध्ये, हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये जे वाद होतात ते फार वेळा दुसऱ्या प्रकारचे असतात. आपण घेतलेल्या यंत्रावर कोणी बोट ठेवले, की आपल्या बुद्धीवरच ठेवले असे वाटते. उंबेर्तो एको या इटालियन लेखकाने १९९४ मध्ये संगणकांच्या दोन पंथांची तुलना धर्माशी केली होती: मॅकिंटॉश कॅथलिक, तर डॉस प्रोटेस्टंट. मांडणी खेळकर होती. निरीक्षण खरे होते. यंत्राची निवड ही निष्ठा बनली, की पुरावा पाहण्याची शक्तीच मंदावते, आणि ही हानी पैशाच्या हानीपेक्षा मोठी आहे.

आता काळाचा प्रश्न. आज उघडलेल्या यंत्रात ब्रँड सापडला नाही हे ठीक. पण वर्षानुवर्षे चालत आलेल्या नावाला काही अर्थ असेल की नाही? यावरही नागसेनाकडे दृष्टान्त आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. एक प्रवाह अखंड चालू असतो.

ही कसोटी ब्रँडना लावली, की चित्र बरेच स्पष्ट होते. थिंकपॅड हे आयबीएमचे नाव २००५ मध्ये लेनोवोकडे गेले. मालक बदलला, पण जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेतले, थिंकपॅड घडवणारे अभियंते लेनोवोसोबत राहिले. निर्णय घेणारी माणसे तीच, म्हणून ज्योत तीच म्हणायला आधार होता. सोनीने २०१४ मध्ये वायोचा व्यवसाय विकला. जपानमध्ये आझुमिनोच्या कारखान्यात काम चालू राहिले. पण वायो हे नाव जपानबाहेर परवान्यावर इतर कंपन्यांनाही दिले गेले आणि २०२१ मध्ये भारतात वायो परत आला तो अशाच वाटेने. सोनीच्या काळातली आठवण मनात ठेवून तो घेणाऱ्याला नाव ओळखीचे दिसले. त्यामागचा प्रवाह ओळखीचा होता का, हे त्याला वेगळे तपासावे लागणार होते. एलियनवेअर १९९६ साली मायामीत सुरू झालेली छोटी कंपनी. २००६ मध्ये डेलने ती घेतली. त्याच वर्षी एचपीने व्हूडू पीसी ही कॅनडातली कंपनी घेतली, आणि ओमेन हे नाव तिच्याकडून आले. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे: विस्ट्रॉन ही मुळात एसरमधून बाहेर पडलेली उत्पादन शाखा, आणि पेगाट्रॉन आसुसमधून.

प्रवाह किती लांबवता येतो, याचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोची फ्रेमवर्क ही कंपनी २०२१ पासून करत आहे. तिच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, बॅटरी, पडदा, कीबोर्ड, सगळे ग्राहकाला स्वतः बदलता येते. मोठ्या १६ इंची मॉडेलमध्ये तर ग्राफिक्सचा भागही काढून नवा बसवता येतो. दहा वर्षांनी एकही मूळ भाग उरला नाही, तर तो तोच लॅपटॉप का? न्याय-वैशेषिकांचे उत्तर कडक आहे: अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होतो, नवा जन्मतो. नागसेन दिव्याकडे बोट दाखवील. वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की एक भाग बिघडला म्हणून बाकीचे चांगले भाग भंगारात गेले नाहीत.

एवढे झाल्यावर ‘गेमिंग आणि रोजचा वापर’ या जोडीकडे यावे लागते, कारण खरा ताण तिथे आहे. कोणताही ब्रँड तो ताण पूर्ण मिटवू शकत नाही. आडवे भौतिकशास्त्र येते. विमानात सहसा विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९.९ वॉट-तासांवर थांबते. जोरात खेळताना यंत्राने १५० वॉट घेतले, तर ९० वॉट-तासांची बॅटरी ३६ मिनिटांत संपेल. म्हणून बॅटरीवर असताना यंत्र स्वतःच वेग आवरते आणि खेळायचे तर जाडजूड चार्जर भिंतीला लावून बसावे लागते. यंत्र साधारण सव्वादोन-अडीच किलोचे, वर चार्जरचे वजन. पंखे जोरात फिरले की आवाज ५० डेसिबलच्या आसपास जातो. वाचनालयात शेजारचा मान वर करून पाहतो. काही मॉडेलांत मक्स स्विच असतो: खेळताना चित्र ग्राफिक्स चिपमधून थेट पडद्यावर जाते, आणि लिहिताना-वाचताना ती चिप झोपवून प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर काम भागते. ही सोय उपयोगी आहे, पण वजन ती कमी करत नाही.

इथे निवड यंत्राची उरत नाही. आपला दिवस कसा जातो याच्या प्रामाणिक कबुलीची होते. घरात गोष्ट बहुतेकदा इथेच अडते. खेळासाठी हवा असे उघड म्हणायला संकोच वाटतो, म्हणून मुलगा अभ्यासाचे कारण पुढे करतो. आई-वडील ते मान्य केल्याचे दाखवतात. आणि मग ना धड खेळाचा, ना धड पिशवीत न्यायचा असा लॅपटॉप घरी येतो. खेळ हलका आणि काम भारी, ही उतरंड मनातून काढली तर निर्णय किती सोपा होतो! संध्याकाळी मित्रांबरोबर दोन तास खेळणे ही आयुष्यातली खरी, चांगली गोष्ट आहे. ती खर्चाच्या हिशेबात उघडपणे मांडावी. खेळ मुख्य असेल तर जाड, भरपूर पंख्यांचा, जास्त वॉटचा घ्यावा. रोज लोकलने किंवा एसटीने नेणे मुख्य असेल, तर ग्राफिक्समध्ये एक पायरी खाली यावे आणि त्याची खंत करू नये. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले, की मर्यादित माहिती आणि वेळ असलेला माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही. गरजा ठरवतो आणि त्या भागवणारे पहिले पुरेसे चांगले उचलतो. पण त्यासाठी गरजा आधी ठरलेल्या असाव्या लागतात.

पुढचा प्रश्न प्रमाणाचा. कोणावर विश्वास ठेवायचा? दुकानात पाच मिनिटे हाताळून कीबोर्ड कळतो, पडद्याची चमक कळते; दोन तास खेळल्यावर काय होईल ते कळत नाही. तिथे शब्दप्रमाणाला, म्हणजे जाणकाराच्या सांगण्यावर विसंबण्याला, पर्याय नाही. असा विश्वास ठेवण्याजोगा माणूस म्हणजे आप्त; आप्त कोणाला म्हणावे हे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या न्यायभाष्यात सांगितले आहे: ज्याने वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पुढे तो आवर्जून म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू. म्हणजे आप्तपणा कुळावर नाही, पदावर नाही, आणि आजच्या भाषेत फॉलोअरच्या संख्येवरही नाही.

ही दोन कलमे समीक्षकांना लावून पाहावीत. कंपनीने पाठवलेला नमुना आठवडाभर वापरून बोलणाऱ्याने वस्तू जाणली आहे, पण आठवड्यापुरती. तापमान, आवाज, पडद्याचा प्रकाश हे जर्मन भाषक जगातल्या नोटबुकचेकसारखे लोक उपकरणांनी मोजतात, तेव्हा त्या बाबतीत ते आप्त. बिजागरी दोन वर्षांनी सैल होते का, बॅटरी फुगते का, याबाबत मात्र आप्त आहे तो दोन वर्षे वापरलेला विद्यार्थी, मग त्याला डेसिबल म्हणजे काय हे माहीत नसले तरी चालेल. दुसरे कलम इच्छेचे. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी, असा नियम भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणला आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तो आला. ‘पेड प्रमोशन’ अशी सूचना कोपऱ्यात दिसली, की समोरचा खोटे बोलतोच असे नाही. पण जसे आहे तसे सांगण्याच्या इच्छेत दुसरी इच्छा मिसळली आहे, एवढे नक्की.

या सगळ्यातून ब्रँडला स्वतःची अशी एक जागा मात्र उरते, आणि ती नागसेनाच्या यादीत नव्हती. ती आहे वचनाची. वॉरंटी हा लॅपटॉपचा भाग नाही. ती कंपनीने पुढच्या एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी दिलेली जबान आहे. पडदा बीओईचा असला तरी तो बिघडल्यावर ग्राहक बीओईकडे जात नाही. झाकणावरच्या नावाने जबाबदारी घेतलेली असते. रथाचे सगळे भाग सुटे करून मांडले, तरी ‘मोडला तर मी येईन’ असे म्हणणारा त्या राशीत सापडणार नाही, आणि तरीही तो अगदी खरा आहे.

पण वचनाला पत्ता लागतो. घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी कोथरूडमध्ये जशी पाळली जाते, तशी अहेरीत किंवा तळोद्यात पाळली जाईलच असे नाही. कुठे माणूस दारात येतो, कुठे यंत्र घेऊन जिल्ह्याच्या गावी नाहीतर नागपूरला जावे लागते. एकाच कंपनीचे वचन दोन गावांत दोन वजनांचे असते. म्हणून ब्रँडची चौकशी करायचीच, तर ती आपल्या तालुक्यापुरती करावी. जवळचे सेवा केंद्र कुठे आहे, ते कंपनीचे स्वतःचे की कंत्राटावरचे, सुटे भाग किती दिवसांत येतात, अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते का.

आणि विदर्भातल्या ग्राहकाने एक गोष्ट जास्त विचारावी. बऱ्याच लॅपटॉपच्या तपशिलात वापरण्याचे सभोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेले असते, आणि समीक्षकांच्या चाचण्या साधारण वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आत ओढली जाणारी हवाच इतकी तापलेली असताना पंख्यांना यंत्र थंड ठेवायला वाव कमी राहतो, वेग आपोआप खाली येतो, आणि गार खोलीत मोजलेले आकडे इथे उतरत नाहीत. तिथे आप्त एकच: त्याच गावात, तेच मॉडेल, कूलरच्या खोलीत बसून दोन उन्हाळे चालवलेला कोणी.